राहिलेली ओटी



गेली सहा-सात वर्षे मी कीर्तनाला उभा राहत नाही. घसा साथ देईना, आणि ओढूनताणून सेवा करू नये अशी आमच्या गुरुजींची शिकवण, म्हणून टाळकऱ्यांपुढे उभे राहणे सोडले. आता बसून लिहितो. कीर्तनात एखादी अडचणीची गोष्ट निघाली की टाळकऱ्यांकडे पाहून चाल लावता येते. दोन मिनिटे मृदंग वाजतो, तेवढ्यात बुवा सावरतो. कागदावर ती सोय नाही. आज जे सांगणार आहे ते पन्नास वर्षांच्या सेवेत एकदाही बोललो नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

२०२२ च्या नवरात्रातली अष्टमी होती. माझ्या मुलीची मुलगी, म्हणजे माझी नात, अमेरिकेत टेक्सासला नोकरी करते. तिचा फोन आला, चेहरा दिसतो तो. म्हणाली, "आबा, मी वारी करून आले." मी म्हटले, पंढरपूर कधी गाठलेस? तर ही पंढरीची वारी नव्हे. मेक्सिको आणि ग्वाटेमाला या देशांत माया नावाच्या लोकांची जुनी देवळे आणि सरोवरे आहेत. ती पाहायला, तिथे बसून ध्यान करायला चौदा जणांचा एक जथा निघाला होता, त्यात ही होती. कोणी कुठल्या देशाचे, कोणी कुठल्या धर्माचे. दहा दिवस बरोबर जेवले, बरोबर चालले. पैसे किती घेतले तेही तिने सांगितले. तेवढ्यात आमची एक दिंडी तीन वर्षे पंढरपूरला जाऊन आली असती. पण असो, ज्याचा त्याचा मार्ग.

माउली, ऐकताना मला मात्र गोडी लागली. चिचेन इत्झा म्हणून एक ठिकाण आहे. तिथे दगडाचे उंच मंदिर, चारी बाजूंनी पायऱ्या. प्रत्येक बाजूला ९१, आणि वरचा चौथरा एक, अशा ३६५. वर्षाचे दिवस जितके तितक्या पायऱ्या! दिवस आणि रात्र सारखी होते त्या सुमारास, मावळतीच्या उन्हात पायऱ्यांच्या कठड्यावर अशी सावली पडते की नाग खाली उतरतो आहे असे दिसावे. आपल्याकडे कोल्हापूरला अंबाबाईचा किरणोत्सव होतो, तशातलीच ही बुद्धी. सूर्य कुठे उगवतो, कुठे मावळतो, याचा हिशेब ठेवल्याशिवाय असे बांधकाम होत नाही.

त्या मुलखात वरून वाहणारी नदी नाही. जमीन चुनखडीची, पाऊस पडला की सगळा आत मुरतो. आत पोकळी होते, छत कोसळते आणि खाली पाण्याचा गोल डोह उघडा पडतो. त्याला ते सेनोते म्हणतात. त्यांच्या पावसाच्या देवाचे नाव चाक. चिचेन इत्झाच्या मोठ्या डोहात त्या देवासाठी हिरवा पाचूसारखा दगड, सोने, धूप असे काय काय टाकलेले पुढे गाळातून निघाले. माणसांची हाडेही निघाली. हे ऐकून माझा चेहरा बदलला असावा, कारण नात म्हणाली, "आबा, मलाही तिथे वाईट वाटलं. पण पाण्यासाठी माणूस किती घाबरलेला असतो, तेही कळलं." १९७२ चा दुष्काळ पाहिलेला माणूस मी. मला यावर काही बोलता आले नाही.

पुढे तिने जे सांगितले त्याने मी सावरून बसलो. या डोहांची एक लांबच लांब कमानीसारखी रांग आहे, आणि ती रांग उगीच झालेली नाही. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आकाशातून एक प्रचंड धोंडा तिथे आदळला. त्याने केलेला खड्डा सुमारे १८० किलोमीटर रुंद. तो खड्डा आज गाळाखडकाखाली गाडला गेला आहे, पण त्याच्या काठावर जमीन जिथे कमकुवत झाली तिथे हे डोह ओळीने पडले. मायांना धोंड्याची गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांना पाणी दिसले, त्यांनी हात जोडले.

माझ्या मनात त्याच क्षणी लोणार आले. तुमच्याही आले असेल.

शेवटी ते लोक ग्वाटेमालात आतितलान नावाच्या सरोवरावर गेले. ज्वालामुखीच्या पोटात झालेले ते सरोवर. भोवती तीन डोंगर, काठाला गावे आणि त्या गावांत आजही माया लोकच राहतात, त्यांची भाषा बोलतात. तिथली एक म्हातारी बाई या मंडळींना पहाटे पाण्यावर घेऊन गेली. धूप लावला आणि एकेकाला विचारले, तुझ्या गावचे पाणी कोणते? कोणी नदी सांगितली, कोणी समुद्र. माझी नात म्हणाली, माझ्या आजोळापासून जवळ एक सरोवर आहे, आकाशातून दगड पडून झालेले, त्याच्या काठाला देवीचे देऊळ आहे. म्हातारीने विचारले, तू त्या पाण्यापर्यंत उतरलीस का?

"नाही म्हणाले आबा. लाज वाटली." मग थोडे थांबून नातीने मला विचारले, "आजी गेली होती का हो कमळजेला?"

मी म्हटले, आवाज तुटतो आहे, ऐकू येत नाही. आणि फोन ठेवला. खोटे बोलायला रेंज फार उपयोगी पडते, माउली.

आता तो प्रश्न मला का झोंबला ते सांगतो.

आमचे डोणगाव मेहकर तालुक्यातले. माझ्या मंडळींचे माहेर लोणारच्या जवळचे. लोणारच्या विवरात अगदी पाण्याच्या काठाशी कमळजा देवी आहे, ती तिच्या माहेरची कुलदेवी. दुष्काळाच्या त्या वर्षी आमची थोरली मुलगी झाली. बाळंतपण माहेरी होते आणि अवघड गेले. दोन दिवस बाई अडलेली. माझ्या सासूबाईंनी पदर पसरून देवीला सांगितले, लेक सुटू दे, खणानारळानं ओटी भरायला तिलाच पाठवीन. लेक सुटली. नात वाचली. सासूबाईंनी हिरवा खण आणून लेकीच्या हातात दिला, आणि सव्वा महिन्याने माय-लेकरू डोणगावला आले.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. आळंदीला विष्णुबुवा जोगमहाराजांनी १९१७ साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेतून चार वर्षे शिकून आलेलो. ज्ञानेश्वरी, गाथा, सगळे ओठावर. गावोगाव बोलावणी सुरू झालेली. बायकोने चुलीपुढे बसून विचारले, "मले एकदा कमळजेले नेता का?" मी तिला लहानसे कीर्तनच ऐकवले. गळ्यात माळ घातली त्याला एकच दैवत. नवस-सायास आपल्या पंथात नाहीत. पतिव्रतेला जसा एक पती तसा वैष्णवाला एक विठ्ठल. दृष्टांत चांगला जमला होता. ती ऐकून उठली आणि भाकरी थापायला लागली.

आज वाचकांपैकी कोणी म्हणेल, बुवा, सिद्धांत तर बरोबरच सांगितला. हो, सिद्धांत बरोबरच आहे. मी आजही एका अक्षराने मागे घेत नाही. पण संतांनी झोडपले ते कोणाला? नवसाच्या नावावर मुके जीव कापणाऱ्यांना. अंगात आणून गोरगरिबांना लुबाडणाऱ्यांना. एका बाळंतिणीच्या खणानारळाला नव्हे. आणि हे मला तेव्हा कळत नव्हते असे नाही. कळत होते. पण घरातून निघायचे, बायको-पोर घेऊन लोणारला जायचे, विवरात उतरायचे, एक दिवस मोडायचा, आणि लोकांनी पाहिले तर म्हणायचे की महाराज देवीला नवस फेडायला आले. हे सगळे मला नको होते. त्यासाठी एकनिष्ठा हाताशी होती.

तिने त्यानंतर पाच-सात वेळा विचारले असेल. दर वेळी माझ्याकडे तारखा होत्या. रामनवमीचे सप्ताह, श्रावणातली पारायणे, आषाढी-कार्तिकी, आळंदीची यात्रा. कीर्तनकाराला तारखांची काय वाण? मग तिने विचारणे सोडले. घटस्थापनेला तो खण पेटीतून काढायची, आमच्या देवघरातल्या रखुमाईपुढे ठेवायची, आणि दसऱ्याला घडी करून परत पेटीत. मी ते पाहायचो आणि काही बोलायचो नाही. न बोलणे हा मला माझा मोठेपणा वाटायचा.

आणि लोणारला मी गेलो नव्हतो काय? चार वेळा कीर्तनाला गेलो. शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते, ती परतताना लोणार-मेहकर मार्गानेच येते. तिच्याबरोबर त्या गावातून चाललो. धारेवर अंघोळ केली. पण खाली उतरलो नाही.

२०२० चा जून तुम्हाला आठवत असेल. पंढरीची पायी वारी बंद, संतांच्या पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या, देवळांना कुलपे. त्यातच बातमी आली की लोणारचे पाणी गुलाबी झाले. दोघा-तिघांनी मला फोन करून विचारले, महाराज, हे काय? मीही गंभीर आवाजात सांगून टाकले, कलियुगाची चिन्हे, देवाचा कोप. मंडळी भाजी निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "कोप कशाचा? कमळजेनं गुलाबी लुगडं नेसलं असंन. मले पाह्याचं होतं." मी म्हटले, आता सगळीकडे बंदी आहे. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझी सबब खरी होती.

पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी पाणी तपासले. पाणी आटून खार वाढला की त्यात एक जातीचे सूक्ष्म जीव माजतात, त्यांचा रंग गुलाबी. नमुन्याचे पाणी काही दिवस स्थिर ठेवले, तर ते जीव तळाला बसले आणि पाणी वर नितळ झाले. कोप नाही आणि काही नाही. ज्यांना मी कोप सांगितला होता त्यांना पुन्हा फोन करून हे सांगितले, एवढे पुण्य माझ्या नावावर लिहा. मंडळी म्हणाल्या, मी लुगडं म्हटलं ते खोटं नव्हतं ना? आठ महिन्यांनी, फाल्गुनात, त्या गेल्या.

नातीच्या फोननंतर नवरात्र संपले. यंदा खण कोणी काढला नव्हता. दसऱ्याला मी स्वतः पेटी उघडली. हिरव्याचा रंग उडून पिवळट झाला होता, घडीवर चिरा पडल्या होत्या. सून दारात उभी होती. तिला मी काही सांगितले नाही, तिनेही विचारले नाही. फक्त खण माझ्या हातातून घेतला आणि धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

सोयाबीन निघाले, हरभरा पेरून झाला. कार्तिकीहून मंडळी परतली. मग एका एकादशीच्या भजनानंतर मी विषय काढला की आपल्या मंडळाने लोणारला जाऊन यावे. धार, दैत्यसूदन, खाली कमळजा, सगळे. क्षणभर कोणी बोलले नाही. आमचे विणेकरी माझ्याच वयाचे, स्पष्ट बोलणारे. ते म्हणाले, "महाराज, तुमीच तं सांगत होते, माळकऱ्यानं इकडं तिकडं जाऊ नये म्हणून."

मी नामदेवरायांचा दाखला दिला. नामदेवराय पंढरी सोडायला तयार नव्हते. ज्ञानोबारायांनी त्यांना तीर्थयात्रेला नेले, आणि प्रत्यक्ष पांडुरंगाने जाताना माझ्या नाम्याला सांभाळ म्हणून सांगितले, असे तीर्थावळीत आहे. गुरू भेटला तो कुठे? औंढ्या नागनाथाला, शंकराच्या देवळात. विठ्ठलच ज्याला दुसऱ्या देवाच्या दारी पाठवतो, त्याची एकनिष्ठा मोडते काय? मंडळींनी माना डोलावल्या. दाखला खराच होता, पण तो मी खरे कारण झाकायला वापरला. जित्याची खोड.

मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशीला दोन क्रूझर करून आम्ही बावीस जण निघालो; बाया तेरा, पुरुष नऊ. समृद्धी महामार्ग तेव्हा आठवडाभरात खुला व्हायचा होता, त्यामुळे रस्ताभर त्याच्याच गप्पा. मेहकरला शारंगधर बालाजीचे दर्शन घेतले. काळ्या पाषाणाची ती उंच मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली, हे आमच्याकडे पोराला पोर सांगतो. पण जमिनीत ती कोणी ठेवली असेल, कोणत्या भीतीने ठेवली असेल, याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला. पैनगंगा ओलांडून सुलतानपूरच्या फाट्याने लोणार गाठले तेव्हा नऊ वाजले होते.

धारेचे पाणी गोमुखातून बाराही महिने पडते. गोड पाणी. खाली विवरात ते खार होते आणि वर काठावर असे. यात दैवी काय आणि खडकातल्या झऱ्यांचे काय, ते मी ठरवत नाही. अंघोळी झाल्या. साबणाच्या वड्यांची वेष्टने, फुटके प्लास्टिक, सुकलेले हार तिथे पडलेले होते. आमच्या बायांनी स्वतःहून ते एका पोत्यात भरले. जे अंगावरचे धुऊन आपण तीर्थात सोडतो ते जाते कुठे? खाली, त्याच सरोवरात. २०२० च्या नोव्हेंबरात हे सरोवर रामसर यादीत गेले, म्हणजे जगाने जपावे अशा पाणथळ जागांत त्याची नोंद झाली. न्यायालयांनीही त्यात लक्ष घातले. जगाला कळले, आपल्याला कधी कळेल?

दैत्यसूदनाच्या देवळात मी थोडे निरूपण केले. देऊळ चालुक्यकाळातले मानतात. आत काळोख, छतावरची कोरलेली चित्रे पाहायला बॅटरी लावावी लागते. कथा तुम्हाला माहीत असेल: लवणासुर इथे जमिनीखाली लपून राहायचा आणि लोकांना पीडायचा. भगवंताने सुंदर रूप घेतले, त्याच्या बहिणींकडून ठिकाण काढले, पायाच्या अंगठ्याने बिळाचे झाकण उडवले आणि त्याला मारले. झाकण लांब जाऊन पडले, ती टेकडी झाली. रक्ताने खड्डा भरला, ते हे पाणी. स्कंदपुराणाच्या आधारे ही कथा सांगतात. ऐने-अकबरीत अबुल फजलनेही लोणारची नोंद केली आहे, आणि ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात असे लिहिले आहे. त्याच्याही आधी चक्रधरस्वामी इथे येऊन गेले, ते लीळाचरित्रात आहे.

आमच्यात एक निवृत्त मास्तर आहेत, भूगोलाचे. त्यांनी मग काठावर उभे राहून त्यांचे निरूपण केले. हे विवर १.८ किलोमीटर रुंद. काळ्या पाषाणात, बेसाल्टात, उल्का पडून झालेले असे विवर जगात फार दुर्मीळ. वय आधी ५२,००० वर्षे धरत, पुढे दगडांच्या तपासणीत ते ५ लाख ७० हजारांच्या घरात निघाले. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे पाहून लिहिले, तेव्हा साहेब लोकांना कळले. मी नातीने सांगितलेला आकडा काढला. तिकडचा १८०, इकडचा १.८, बरोबर शंभर पट. मास्तर चकित झाले. एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे वरून पडलेल्या गोट्यालेच त्यायनं झाकण म्हटलं का मास्तर?" झाकण उडाले आणि खड्डा पडला, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. ज्यांनी पहिल्यांदा सांगितले त्यांना खड्ड्याकडे पाहून एवढे नक्की कळले होते की इथे काहीतरी फार जोराने घडले आहे.

बायांना मात्र खाराची आठवण. लोणारच्या पाण्यातून पूर्वी खार काढत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्याची नावे. आमच्या आईच्या पापडाच्या डब्यात लोणारचा खार असायचा. सासू-सुनेच्या विहिरीचाही विषय निघाला. कमळजेजवळ ही विहीर आहे, एका अंगाचे पाणी गोड, दुसऱ्या अंगाचे खारट. सरोवर चढले की ती दिसत नाही. गोड अंग सासूचे की सुनेचे, यावर क्रूझरमध्ये सुरू झालेले भांडण अजून मिटले नव्हते.

दहाच्या सुमाराला उतरायची वेळ झाली. वाट धारेजवळूनच खाली जाते. खाली दाट झाडी, मधून मोर ओरडतात, आणि मधोमध ते पाणी. त्या दिवशी हिरवट, हलत नसलेले. मी चार पायऱ्या उतरलो आणि गुडघ्याने सांगितले, बस. खाली जाणे एकवेळ जमेल, चढून यायचे काय? सुनेने हातातली पिशवी छातीशी धरली होती. पांढरे फडके वर दिसत होते. म्हणाली, "बाबा, तुमी बसा. मी करतो सगळं." आमच्याकडच्या बाया असेच म्हणतात, करतो, जातो. ती बाकीच्यांबरोबर वळणाआड गेली.

मी वर दगडावर बसलो. विणेकरीही बसले, त्यांचा दमा आहे. बराच वेळ दोघे पाण्याकडे पाहत होतो. मला ती मारवाडातल्या विहिरीची कथा आठवत होती, शेकडो वेळा रंगवलेली. ज्ञानदेव आणि नामदेव वाळवंटात तहानलेले, विहीर खोल. ज्ञानोबाराय योगसामर्थ्याने लहान रूप घेऊन आत उतरतात आणि पाणी पिऊन येतात. नामदेवराय नुसते विठ्ठलाला हाक मारतात, आणि विहीर भरून काठावरून वाहू लागते. यावर मी टाळ्या घेतल्या आहेत. आता काठावर मी बसलो होतो. माझ्यापाशी ना ते सामर्थ्य ना ती हाक. पाणी जिथल्या तिथे होते.

मग मी विणेकऱ्यांना सांगून टाकले. खण, नवस, सासूबाई, चुलीपुढचे माझे कीर्तन, तारखा, पेटी. सगळे. गळा भरून आला, थांबून थांबून सांगितले. ते वीणा मांडीवर घेऊन ऐकत होते.

"महाराज," ते म्हणाले, "वहिनीनं आमच्या घरी सांगेल होतं. तीसेक वर्स झाले असतीन."

"म्हणजे तुम्हाला माहीत होते?"

"गावातल्या समद्या बायांले माहीत हाय. आज त्या तेरा बाया उगीच नाही आल्या."

मी विचारले, मग त्या दिवशी भजनात मला अडवले कशाला? तर म्हणाले, "तुमी काय सांगता ते पाह्यत होतो." आणि वीणेच्या खुंट्या पिळू लागले.

तीस वर्षे मी त्या गावात व्यासपीठावरून सत्य बोला म्हणून सांगत होतो, आणि समोर बसलेल्या बाया, हातावरची टाळी चुकू न देता, हे सगळे पोटात ठेवून ऐकत होत्या. माझ्या बायकोने त्यांना सांगितले होते, पण माझी चेष्टा होऊ दिली नव्हती. हे मला तिच्यामागे दीड वर्षाने, लोणारच्या काठावर कळले.

दीड-दोन वाजता मंडळी वर आली. घामाघूम, साड्यांना काटे, चपला चिखलात भरलेल्या. खालच्या पाण्याचा उग्र वास कपड्यांना येत होता. सुनेने माझ्याजवळ बसून आधी पाणी प्याले. मग सांगितले. खण देवीच्या पायावर ठेवला तेव्हा घडीवर फाटला. तिला वाईट वाटले, पण पुजारी म्हणाला, राहू दे माय, पोचला. नाव सासूचे घेतले. मग बाकीच्या बायांनी आणलेले खण एकेक करून काढले. तेराही जणींनी माझ्या मंडळींच्या नावाने ओट्या भरल्या. मला कोणी आधी सांगितले नव्हते.

"आनी फोनवर ताईच्या पोरीले दाखवलं," सून म्हणाली. तिकडे मध्यरात्र उलटलेली. पण नात जागी होती. रेंज तुटत होती, पण देवी दिसली, पाणी दिसले.

सुनेने फडक्यातून नारळाची अर्धी वाटी काढली, दगडावर फोडली आणि एक तुकडा माझ्यापुढे धरला. पन्नास वर्षे मी असा प्रसाद हात जोडून नाकारत आलो, नम्रपणे, माळेकडे बोट दाखवून. विणेकरी पाहत होते. बायाही पाहत होत्या. मी तुकडा घेतला आणि खाल्ला. दात राहिले नाहीत, त्यामुळे बराच वेळ चघळावा लागला.

नंतर धारेवर बसून आम्ही हरिपाठ म्हटला. माझा घसा लागत नव्हता, मी ओठ हलवत होतो. मोठ्या मारुतीचे दर्शन घेऊन चार वाजता निघालो. मेहकरला एका क्रूझरचे चाक पंक्चर झाले, तिथे तास गेला. बायांनी रस्त्याच्या कडेला बसून शिदोऱ्या सोडल्या, आणि विहिरीचे गोड अंग कोणाचे, हे भांडण पुन्हा सुरू झाले.